ग्रुपचं नाव छापलेला ५०० पोकर चिप्सचा सेट विकायचा आहे, किती पैसे परत येतील?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कोल्हापुरातल्या मित्रमंडळासाठी तुम्ही सिरॅमिक चिप्सचा सेट ऑर्डर देऊन परदेशातून करून घेतलात. २५, १००, ५००, १००० आणि ५००० अशा पाच आकड्यांच्या प्रत्येकी १०० चिप्स, तोंडावर आकडा आणि ग्रुपचं नाव. आता बैठका बंद झाल्यात. घातलेल्या पैशांपैकी किती परत येतील आणि सेट अख्खा विकावा की सुटा, हे तुम्हाला हवंय.

गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) दागिना मोडायला नेला की सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ मिळत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ऑर्डरच्या चिप्सना तोच नियम लागतो, फक्त जास्त कडक. दागिन्याला निदान वजनाची मोड असते. सिरॅमिक चिपला मोडच नाही. नाव सिरॅमिक असलं तरी ती चिनी मातीची नसते. ती कठीण रेझिनची पांढरी चकती असते आणि उष्णतेने रंग तिच्या पृष्ठभागात उतरवलेला असतो. त्यामुळे छापलेलं नाव खरवडून काढता येत नाही आणि त्याच चकतीवर दुसरं काही छापताही येत नाही. घेणारा तुमच्या नावासकट चिप घेतो, नाहीतर घेतच नाही.

बाकीच्या प्रकारांचं वेगळं आहे. मध्यभागी गोल स्टिकर असलेल्या चिप्सचा स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सोलता येतो आणि त्याच मापाचा नवा बसवता येतो, म्हणजे कोऱ्या चिपची किंमत तरी शिल्लक राहते. दाबून घडवलेल्या क्ले चिप्सना परदेशात हौशी संग्राहक आहेत, तिथे नाव असूनही मागणी येते. तुमच्या सेटला यातला कुठलाच आधार नाही, म्हणून तुम्ही एकाच गोष्टीवर लक्ष द्या: अनोळखी माणूस हा सेट स्वतःच्या घरी मांडून पाहुण्यांना बसवेल का?

नाव लहान अक्षरात, कडेला, नुसता शब्द म्हणून असेल तर बसवेल. रंकाळा, पन्हाळा, वाघ, मशाल असं चित्र असेल तर आनंदाने बसवेल, कारण ते कुणाचंही असू शकतं. कुणाचा फोटो, वाढदिवसाची तारीख, मोबाइल नंबर किंवा मंडळातल्या आठ जणांची नावं असतील तर नाही बसवणार. आकड्याच्या आधी रुपयाचं चिन्ह असेल तरीही गिऱ्हाईक कमी होतं. नुसता ‘१०००’ स्पर्धेच्या खेळात गुण म्हणून चालतो. ‘₹१०००’ मात्र रोख खेळाचा वाटतो आणि बरेच लोक त्यापासून लांब राहतात. त्यांचं चुकत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि पैशांच्या अड्ड्यावर छापा पडला तर चिप्स जुगाराचं साधन म्हणून जप्त होतात. जाहिरातीत पैशांच्या खेळाचा उल्लेखही करू नका.

आता हिशेब. मूळ बिलातून डिझाइनची फी आणि पेटीचे पैसे वजा करा. ते गेले असं समजा. उरलेल्या रकमेत कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळवून ५०० ने भागा, म्हणजे एक चिप घरात पडेपर्यंत किती लागले ते कळेल. समजा ७० रुपये आले, म्हणजे एकूण ३५,०००. कुणालाही चालेल असं चित्र आणि चांगली स्थिती असेल तर मी या रकमेच्या ६० टक्क्यांपासून बोलायला सुरुवात करेन. लहान नाव असेल तर निम्म्यापासून. फोटो किंवा तारीख असेल तर चौथ्या हिश्शावर समाधान मानेन. हा माझा अंदाज आहे, बाजारभाव नव्हे. एक कमाल मर्यादा मात्र नक्की आहे: तयार डिझाइनचा, नाव नसलेला नवा सिरॅमिक सेट भारतात ज्या दराला मिळतो, त्याच्या वर तुमचा सेट जाणार नाही. जाहिरात टाकण्याआधी तो दर बघून घ्या, कारण समोरचा बघूनच येणार आहे.

तुमची जमेची बाजू ही की नवा सेट ऑर्डर करणाऱ्याला डिझाइन मंजूर करणं, छपाई, जहाज किंवा विमान, कस्टम यात आठवडेच्या आठवडे जातात. तुमच्या चिप्स आज हातात पडतात. घासाघीस सुरू झाली की हे बोला.

सुटा विकण्याचा विचार सोडून द्या. २५ च्या तेवढ्या शंभर द्या म्हणणारा कधीतरी भेटेल, पण त्याच्या घरच्या चिप्सशी तुमचं डिझाइन जुळत नाही, म्हणून तो भाव पाडून मागेल. आणि त्या शंभर गेल्या की उरलेल्या ४०० नी स्पर्धा चालत नाही. सुट्या पैशांवाचून दुकान मांडल्यासारखं होतं.

सेट ‘५०० चिप्स’ म्हणून विकू नका, ‘किती माणसांचा’ म्हणून विका. प्रत्येकी शंभर ही विभागणी मुळात अवघड आहे. बहुतेक नवखे लोक तशीच ऑर्डर देतात आणि मग लहान आकडे कमी पडतात, मोठे पडून राहतात. नेहमीची मांडणी माणशी २५ च्या १२, १०० च्या १२, ५०० च्या ५ आणि १००० च्या ६, म्हणजे १०,००० होतात. या मांडणीने तुमच्या २५ च्या चिप्स आठ जणांतच संपतात. त्याऐवजी असं वाटा: २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४, १००० च्या ७ आणि ५००० च्या २. बेरीज करून बघा: २०० + ८०० + २००० + ७००० + १०,००० = २०,०००. माणशी २९ चिप्स. बारा जणांना ९६, ९६, ४८, ८४ आणि २४ लागतात, सगळं तुमच्या शंभरात बसतं. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड) ५०/१०० पासून सुरू केले तर प्रत्येकाकडे २०० बिग ब्लाइंड, म्हणजे निवांत, लांब चालणारा खेळ. सहा-सहाची दोन टेबलं.

५००० च्या चिप्स निरुपयोगी वाटतात, पण त्यांचाही हिशेब देता येतो. बारा जणांचे मिळून २,४०,००० होतात. शेवटी सगळे लहान आकडे बदलून घेतले तरी ५००० च्या ४८ लागतील. उरल्या ५२, म्हणजे चिप्स संपल्यावर पुन्हा २०,००० घेऊन बसणाऱ्या (री-बाय करणाऱ्या) तेरा जणांची सोय. ‘१२ खेळाडू, २०,००० ची सुरुवात, १३ री-बाय’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याला आपली बैठक डोळ्यासमोर दिसते. तीन पत्तीवाल्या गिऱ्हाइकाला मात्र हा सेट गळ्यात मारू नका. त्यांना १, ५, १०, ५० असे लहान आकडे भरपूर लागतात, ५००० घेऊन ते काय करणार?

विकायला काढण्याआधी मोजणी करा, आणि ती बोटांनी करू नका. टेबलावर काच ठेवा, एकाच आकड्याच्या २० चिप्सच्या पाच थप्प्या एकमेकींना चिकटवून उभ्या करा आणि वरून पट्टी आडवी ठेवा. एक चिप साधारण ३.३ मिलिमीटर जाड असते. जिथे एक कमी आहे तिथे पट्टीखाली तेवढी फट लगेच दिसते. वीसची थप्पी सुमारे ६६ मिलिमीटर भरते. घरात कुणी उद्यमनगरच्या कारखान्यांत कामाला असेल तर व्हर्निअर मागून व्यास आणि जाडी मोजून घ्या (३९ मिलिमीटर व्यास हे नेहमीचं माप) आणि जाहिरातीत लिहा. वजनही लिहा. सिरॅमिक चिप १० ग्रॅमच्या आसपास असते आणि ‘१४ ग्रॅमची भारी असते’ असं म्हणणारे भेटतील. त्या चिपमध्ये प्लास्टिकच्या आत लोखंडी चकती घातलेली असते. वजन जास्त म्हणून चिप चांगली ठरत नाही, हे शांतपणे सांगा.

मग वाकलेल्या चिप्स शोधा. चिप काचेवर ठेवून कडेला बोटाने टिचकी मारा. सपाट चिप घासत थांबते. फुगलेली भोवऱ्यासारखी फिरत राहते. अशा चिप्स थप्पीत डुलतात, आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं. काही चिप्स कारखान्यातूनच तशा येतात, काही एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत राहिल्याने होतात. किती आहेत ते मोजून सांगा. ५०० त पाच-सात निघाल्या तर व्यवहार मोडत नाही. लपवलेल्या निघाल्या तर मोडतो.

कडेची छपाई तपासा. थप्पी लावून एकदा फिरवली की कडेचे पट्टे एका रेषेत येतात की इकडेतिकडे सरकलेत ते दिसतं. थोडं सरकणं चालतं. दुसरी अडचण रंगांची: पिवळ्या बल्बखाली तुमच्या १००० आणि ५००० च्या कडा सारख्या दिसतात का? दिसत असतील तर खेळताना चुकीची चिप थप्पीत जाते. अमेरिकी कॅसिनोंच्या रूढ रंगांत लाल ५ ची, हिरवी २५ ची, काळी १०० ची असते. मुरलेला खेळाडू त्याच सवयीने बघतो, म्हणून तुमचे रंग वेगळे असतील तर फोटोत आकडा ठळक दिसू द्या.

साफसफाईला कोमट पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ सुती फडकं पुरे. हिरवी घासणी नको, थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव तर अजिबात नको. धुतलेल्या चिप्स टॉवेलवर सावलीत वाळवा. आपल्याकडच्या बैठकीत भडंग असतोच, आणि पांढऱ्या कडेवरचा पिवळेपणा बहुधा त्यातल्या हळदीचा असतो. साबणाने जात नसेल तर एकच चिप घेऊन सकाळचं ऊन दाखवून बघा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. फरक पडला तर बाकीच्यांना तेवढाच वेळ द्या. दिवसेंदिवस उन्हात ठेवलंत तर छपाईही फिकी पडेल. तेल लावून चकाकी आणायचा सल्ला कुणी दिला तर तो क्ले चिप्ससाठी आहे, सिरॅमिकला नुसता चिकटपणा येतो.

पेटी उघडून वास घ्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात फोमच्या अस्तराला बुरशी धरते आणि तो कुबट वास चिप्सबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातो. अस्तर खराब असेल तर पेटी देऊच नका, चिप्स ॲक्रिलिकच्या शंभरी ट्रेमध्ये दाखवा.

फोटो पाच-सहा पुरेत, पण पांढऱ्या उजेडात काढा: पाचही रंगांच्या थप्प्या कडेने, प्रत्येक चिपचं तोंड जवळून आणि सगळ्यात खराब चिपचा एक. ग्रुपचं नाव झाकू नका. झाकलं की समोरच्याला वाटतं यापेक्षा वाईट काहीतरी आहे.

एका गोष्टीकडे बहुतेक विकणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं, ती म्हणजे डिझाइनची मूळ फाइल. ती तुमच्याकडे असेल तर सेटबरोबर द्या. नसेल तर ज्याने काढून दिली त्याच्याकडून परवानगीसह मागून घ्या. घेणाऱ्याला उद्या २५ च्या आणखी शंभर हव्या असतील तर फाइल असल्याशिवाय जुळणाऱ्या चिप्स छापताच येत नाहीत. तुमच्या सेटमध्ये २५ आणि १०० कमीच आहेत, त्यामुळे या फाइलला जास्त महत्त्व आहे. दुसऱ्या खेपेच्या रंगात थोडा फरक पडू शकतो हेही सांगून ठेवा.

गोवा जवळ म्हणून तिथल्या कॅसिनोला विकता येईल का, असं तुमच्या मनात येऊ शकतं. येणार नाही. प्रत्येक कॅसिनो स्वतःच्या, सुरक्षा-खुणा असलेल्या चिप्स वापरतो, बाहेरची चिप त्याच्या टेबलावर येणं हाच त्याला धोका. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईतले, बेळगावातले घरी स्पर्धा भरवणारे हौशी लोक.

म्हणजे पार्सल करावं लागणार. नुसत्या चिप्स पाच किलो भरतात. ॲल्युमिनियमच्या पेटीत तशाच घालून पाठवलंत तर वाटेत पेटी आपटली की आतलं वजन बिजागऱ्या उखडतं आणि ५०० चिप्स खोक्यात मोकळ्या होऊन एकमेकींच्या कडांचे टवके काढतात. वीस-वीसच्या २५ थप्प्या करा, प्रत्येक थप्पी कागदात घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावा, कागदावर आकडा लिहा. त्या लहान खोक्यात आडव्या, हलणार नाहीत अशा रचा, आणि ते खोकं मोठ्या खोक्यात चारी बाजूंनी कागदाचे बोळे भरून ठेवा. ट्रे असतील तर रिकामे, वेगळे गुंडाळा. चिप्स भरलेला ॲक्रिलिक ट्रे कोपऱ्यात तडकतो. खोकं बंद करण्याआधी २५ पुडक्यांचा, आकडे दिसतील असा एक फोटो काढून घेणाऱ्याला पाठवा आणि पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावरच पार्सल सोडा. पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगणारा भेटला तर तिथेच थांबा, पिन पैसे देतानाच लागतो.