परळच्या भावाला जूनमध्ये मलेरिया, ऑक्टोबरमध्ये पुन्हा. यकृतात लपलेला जंतू रक्त तपासून आधीच कळत नाही का?

थेट नाही कळत. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे काही जंतू यकृताच्या पेशींत झोपून राहतात आणि महिन्यांनी जागे होऊन पुन्हा आजारी पाडतात, त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. ते रक्तात नसतातच, मग स्लाइड काय किंवा रॅपिड टेस्ट काय, निगेटिव्हच येणार. संख्येनेही अगदी थोडे, त्यामुळे त्यांची खूण रक्तात सापडणं महाकठीण.

म्हणून मेलबर्नच्या संशोधकांनी आडवाट धरली. जंतू शोधायचा नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध केलेली प्रतिपिंडं मोजायची. आठ प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं पाहून गेल्या नऊ महिन्यांत व्हायवॅक्स झाला होता का, हे साधारण ८० टक्के अचूकतेने सांगता येतं, असं त्यांनी २०२० मध्ये दाखवलं. थायलंड, ब्राझील आणि सॉलोमन बेटांवरचे नमुने होते. अर्थात हाही अंदाजच: अलीकडे लागण झाली म्हणजे यकृतात जंतू असण्याची शक्यता जास्त, एवढंच.

भावाला नवीन डास चावला असेल, हेही शक्य आहे. मुंबईत पाण्याच्या टाक्या आणि बांधकामं काय कमी आहेत! पण जूनमध्ये प्रायमाक्विनचा, म्हणजे यकृतातले जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा, १४ दिवसांचा कोर्स पुरा केला होता का, ते विचारा. ताप उतरला की लोक गोळ्या सोडतात. आता डॉक्टरांनी पुन्हा दिल्या तर आधी जी-६-पीडी तपासणी करून घ्या; रक्तपेशींतलं हे एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विनने त्या पेशी फुटू शकतात.