‘मेकॅनिकल इंजिनिअर’ नावाची नोकरी शोधू नकोस

तू लिहिलंयस, खानापूरचा आहेस, बेळगावात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. पुढं मास्टर्ससाठी जर्मनीला यायचंय. “पण दादा, शिकून झाल्यावर तिथं मला नेमकी कसली नोकरी मिळेल?” मी बेळगावातल्या शहापूरचा, इथं जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहून अकरा वर्षं झाली. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी माझी फजिती ऐक. मास्टर्स संपत आलं तेव्हा रोज रात्री जाहिराती चाळायचो. ‘कोन्स्ट्रुक्ट्योर’ (Konstrukteur) दिसलं की पुढं. वाटायचं, बांधकामवाले असणार, सिव्हिलचं काम. तीन महिन्यांनी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक जर्मन पोरगा भांडी घासता घासता म्हणाला, अरे, ते तर मशीनचे भाग डिझाइन करणारे! म्हणजे मला जे काम हवं होतं, त्याच्याच जाहिराती मी रोज बाजूला सारत होतो.

तेव्हा डिग्रीवरून पदाचं नाव शोधू नकोस, कामावरून शोध. आणि काम बघायला तुला लांब जायला नको. ओळख काढून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, दोन दिवस नुसता उभा राहा.

माझा मामा मोल्डर होता, म्हणजे वाळूचे साचे करणारा, दहावीच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर जायचो. एकदा पंपाच्या केसिंगचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला भाग, लेथवर चढवलं. वरून अगदी गुळगुळीत. पहिला कट घेतला आणि आत वाटाण्याएवढं भोक उघडं पडलं. ब्लोहोल. लेथवाला मामावर ओरडला, मामा म्हणाला वाळूच ओली होती, वाळूवाला म्हणाला कोअर (आतली पोकळी ठेवायला साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा) नीट भाजला नव्हता. तिघांच्या मधे ते कास्टिंग तसंच लेथवर.

या एका भांडणात किती नोकऱ्या आहेत बघ. वितळलेल्या धातूचा रस कुठून ओतायचा, रायझर (थंड होताना आकसणाऱ्या भागाला जादा रस पुरवणारी जागा) कुठं ठेवायचा हे ठरवणारा मेथड्स इंजिनिअर, आता तो रस ओतण्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघतो. वाळूतला ओलावा रोज मोजणारा प्रोसेसवाला. कास्टिंग न फोडता अल्ट्रासोनिकनं किंवा एक्स-रेनं आतलं भोक शोधणारा एनडीटीवाला. भोक पडलेला माल गिऱ्हाइकाकडं पोचलाच, तर तिकडून येऊन ‘असं का झालं’ विचारणारा सप्लायर क्वालिटी इंजिनिअर. ड्रॉइंग वाचून भाव ठरवणारा टेक्निकल खरेदीवाला. कॉलेजात या सगळ्यांना आपण ‘मेकॅनिकल’ म्हणतो. इथं प्रत्येकाची जाहिरात वेगळी, पोर्टफोलिओ वेगळा, आणि दिवस तर फारच वेगळा. सप्लायर क्वालिटीवाल्याचा अर्धा वेळ प्रवासात जातो, सिम्युलेशनवाला स्क्रीनसमोरून उठत नाही. त्या भांडणात तुला कुणाच्या जागी उभं राहावंसं वाटतं, ते आधी ठरव.

मग नावं शोध. जर्मन रोजगार खात्याची ‘बेरुफेनेट’ ही वेबसाइट फुकट आहे. त्यात प्रत्येक पेशात रोज काय करावं लागतं, शिक्षण कुठलं लागतं, ते लिहिलेलं असतं. अमेरिकन सरकारच्या ‘ओ-नेट’ (O*NET) वेबसाइटवर तेच इंग्रजीत वाचून घे, म्हणजे जर्मन पान समजायला सोपं जाईल. पदांच्या रुबाबावर मात्र जाऊ नकोस. आपल्याकडं बारा माणसांच्या वर्कशॉपातही एक जनरल मॅनेजर असतो. इथं ‘माइस्टर’ (उस्ताद कारागीर) म्हणवायला परीक्षा द्यावी लागते, आणि ‘इंजेनिअर’ हे नावसुद्धा कायद्यानं राखलेलं आहे. बायोडेटात फुगवून लिहिशील तर पहिल्याच मुलाखतीत उघडा पडशील.

आता कागदपत्रं, थोडक्यात. भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं) लागतं, ते लवकर सुरू कर. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (ही रक्कम बदलत असते, भरायच्या वेळी पुन्हा बघ). सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यात हॉटेलात प्लेटा धुण्यापेक्षा कंपनीत ‘वेर्कस्टुडंट’ (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी) म्हणून शीर. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण ते भराभर जातात. मला विचार.

आणि जर्मन भाषा. मास्टर्स इंग्रजीत होईल, पण कारखान्यात मशीनजवळ इंग्रजी चालत नाही. घाबरू नकोस. घरी मराठी, बाजारात कन्नड, बसमध्ये हिंदी असं करत आपण वाढलोय. शिवाय जर्मन शब्दांनाही तो, ती, ते असतं. चमचा तो, काटा ती, सुरी ते. इंग्रजीवाले इथंच अडकतात, आपण फक्त कुणाचं लिंग काय एवढं पाठ करायचं.

फाउंड्री बघून झाली की पाच कामं निवड आणि त्यांची जर्मन नावं मला पाठव. रविवारी फोन कर, पण सकाळी सातला नको. तेव्हा इथं पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात तर अडीच.