सोलापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सँडर, टेबल सॉ आणि छोटं रंधा मशीन आहे. भुसा ओढून घ्यायची सोय कशी करू?

आधी सँडरचं बघा. रंध्याच्या ढलप्या जमिनीवर पडतात, झाडून निघतात. छातीत जाते ती डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ, आणि ती सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं मशीन) चालवताना व एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड) कापताना सगळ्यात जास्त उडते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 मध्येच जाहीर केलंय, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका.

सँडरला ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. मध्ये सायक्लोन (भुसा हवेतून वेगळा करणारं नरसाळ्यासारखं भांडं) आणि त्याखाली झाकणाचा ड्रम मात्र हवाच. हवा गोल फिरते, भुसा ड्रममध्ये पडतो आणि फिल्टर लवकर चोंदत नाही. ड्रमचं झाकण घट्ट बसवा. कडेने हवा शिरली की भुसा खाली न पडता सरळ फिल्टरकडे जातो. झाकणाच्या कडेशी अगरबत्ती धरा, धूर आत ओढला गेला तर तिथे फट आहे.

रंधा मशीनला व्हॅक्यूम क्लीनर पुरत नाही, तिथे 4 इंची पाइपचा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून साठवणारं मोठं मशीन) लागतो. वळणं कमी ठेवा, लवचिक पाइप अगदी आखूड.

मे महिन्यात पत्र्याखाली पंख्याशिवाय उभं राहवत नाही हे खरं, पण सँडिंग करताना तो बंदच ठेवा आणि एन-95 मास्क लावा. कलेक्टरची हवा बाहेर सोडणार असाल तर शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत नाहीत ना, तेही बघा.