युनोच्या बूथमध्ये जर्मन नाही, मग?

प्रश्न : ताई नमस्कार. मी इचलकरंजीची, पुण्यात जर्मन घेऊन बी.ए. करतेय, शेवटचं वर्ष. जर्मनची बी२ पातळी झालीय. टीव्हीवर युनोच्या सभेत सगळे कानाला लावून ऐकत असतात ना, तो आवाज ज्यांचा असतो ते काम मला करायचंय. पप्पांचे लूम आहेत, ते म्हणतात भाषेत एम.ए. करून काय मिळणार, त्यापेक्षा एमबीए कर. जर्मनीत मास्टर्स करू की इथेच? खर्च किती?

उत्तर : अगं, वाईट बातमी आधीच सांगून टाकते. युनोच्या अधिकृत भाषा सहाच, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबी. जर्मन त्यात नाही. न्यूयॉर्कला जर्मन अनुवादाचा एक छोटा विभाग आहे, ठराव वगैरे जर्मनमध्ये नेतो, पण तिथे जन्मापासून जर्मन बोलणारी माणसं लागतात. म्हणजे ते दार तुझ्यासाठी जवळपास बंदच.

दुसरी गोष्ट क्लासमध्ये कोणी सांगत नाही. इंटरप्रिटर, म्हणजे समोरचा बोलत असतानाच तोंडी अनुवाद करणारे लोक, आपल्या भाषांना ए, बी, सी असं लावतात. ए म्हणजे जिच्यात तू भांडतेस आणि मनातल्या मनात हिशोब करतेस ती, बी म्हणजे सफाईने बोलता येते पण कमावलेली, आणि सी नुसती नीट समजते. बूथमधला, म्हणजे सभेतल्या त्या बंद केबिनमधला माणूस मुख्यतः आपल्या ए मध्ये बोलतो. आता तुझी ए मराठी, आणि मराठीचा बूथ आहे बरं का, पण तो दिल्लीत, लोकसभेत! युनोच्या जिनिव्हातल्या इंग्रजी बूथमध्ये बसायचं तर इंग्रजी ए च्या तोडीची हवी, शिवाय फ्रेंच आणि जोडीला रशियन किंवा स्पॅनिश. आपल्याकडे इंग्लिश मीडियमची मुलंही इथे अडकतात, कारण लिहिणं चांगलं असतं पण समोरचा मंत्री टोमणा मारतो तेव्हा तसाच टोमणा तीन सेकंदात इंग्रजीत सुचत नाही.

मग जर्मन वाया गेलं का, तर मुळीच नाही, फक्त युनोचा फोटो भिंतीवरून काढ.

घरी एक करून बघ. जर्मन बातम्या लाव आणि दोनतीन शब्द मागे राहून तेच जर्मन बोलत रहा, दहा मिनिटं. जमलं की दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत. जर्मनचं क्रियापद पोटवाक्यात शेवटी येतं आणि नकार तर कधीकधी अगदी शेवटच्या शब्दाला, तोपर्यंत इंग्रजीत बोलणारा श्वास धरून बसलेला असतो. मग मराठीत करून बघ, आपलंही क्रियापद शेवटीच, त्यामुळे किती सोपं जातं ते तुझं तुलाच कळेल. पण पैसे इंग्रजीतल्याचे मिळतात, काय करणार. मोठ्या परिषदांना दोघं जण साधारण अर्ध्याअर्ध्या तासाने बदलतात ते उगाच नाही, डोकं उकळतं अक्षरशः.

आता मास्टर्स. जर्मनीत या विषयाची जुनी ठिकाणं म्हणजे हायडेलबर्ग, लाइपझिग आणि माइन्झ विद्यापीठाचं गेर्मर्सहाइमचं केंद्र. सरकारी विद्यापीठात फी बहुतेक ठिकाणी नाहीच, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क असतं, पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, हे आधी बघ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे पैसे दाखवावे लागतात, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो. आकडा बघून पप्पांचा रक्तदाब वाढेल, तर त्यांना लगेच सांग की ते पैसे कुठे जात नाहीत, दर महिन्याला ९९२ युरो तुझ्याच हातात येतात, राहण्याखाण्याला. शिवाय एपीएसचं, म्हणजे तुझी डिग्री आणि मार्कशीट तपासल्याचं सर्टिफिकेट, आणि भाषा सी१, बी२ च्या वरची पायरी, धर. बी२ वर अर्ज करून रडत परत आलेल्या मुली मी पाहिल्यात.

पण मला विचारशील तर आत्ता कर्ज काढून जाऊ नकोस. सी१ कर, जमलं तर रानडेमध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात, एम.ए. ला नाव घाल आणि वर्ष दोन वर्षं चाकणच्या कुठल्यातरी कंपनीत मशीनची मॅन्युअल्स अनुवाद कर. मीही तशीच सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात एका ड्रॉइंगवर 'श्पील' शब्द आला, मला माहीत होता तो खेळ, मी लिहिलं गेम. सुपरवायझर काका कागद घेऊन माझ्याकडे आले, शांतपणे मला मशीनपाशी नेलं, शाफ्ट धरून हलवून दाखवला आणि म्हणाले, "हा बघा मॅडम तुमचा गेम. आम्ही ह्याला प्ले म्हणतो." म्हणजे दोन भागांमधली फट! नटला जर्मनमध्ये 'मुटर' म्हणतात, म्हणजे आईच, तो धडा त्यांच्याचकडून दुसऱ्या दिवशी. एम.ए. च्या दोन वर्षांत हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि नंतर जर्मनीत मुलाखत घेणाऱ्यांनी कवितांबद्दल एक शब्द विचारला नाही, बेअरिंगबद्दल अर्धा तास विचारलं.

आणि हो, तुझ्या घरात लूम आहेत की! जर्मनी टेक्स्टाइल मशिनरीत मोठा देश आहे. सुट्टीत घरी गेलीस की पप्पांच्या शेडमधल्या एकेका पार्टचं जर्मन नाव शोध, त्यांना पार्ट काय काम करतो ते विचार. एमबीएचं बोलणं आपोआप कमी होईल असं मला वाटतं, नाही झालं तर परत लिही.

प्रश्न : मी नाशिकला आयटीत आहे, वय ३१. जपानी भाषेची एन३ परीक्षा पास. नोकरी सोडून जपानी घेऊन पूर्णवेळ एम.ए. करावं का?

उत्तर : नोकरी सोडू नका. तुम्हाला एम.ए. नको, एन२ म्हणजे त्याच परीक्षेची वरची पायरी हवीय. परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते, दोनदा बसा. जपानी क्लायंट आणि इथली टीम यांच्यामध्ये काम करणाऱ्याला ब्रिज इंजिनियर म्हणतात, तुमच्यासारख्याची जागा तीच, आणि नुसता भाषेचा एम.ए. झालेला मुलगा तिथे कोड बघून गांगरतो. एकच सांगते, त्या परीक्षेत बोलायचा आणि लिहायचा पेपरच नाही, सगळं पर्याय निवडणं. त्यामुळे एन२ चं सर्टिफिकेट खिशात आणि टोकियोहून फोन आला की माणूस टॉयलेटला गेलेला, असे नग मी पाहिलेत. आठवड्यातून दोन तास कोणाशी तरी नुसतं बोला, आणि ते आदरार्थी जपानी पाठ न करता कानावर पडू द्या.

प्रश्न : माझं मराठीत एम.ए. झालंय. मराठीवर परदेशात काही होतं का, की हसतील लोक?

उत्तर : हसणारे इथलेच असतात. हायडेलबर्ग विद्यापीठातले जर्मन अभ्यासक सोंथायमर खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांमागे आयुष्यभर फिरले, ॲन फेल्डहाउस या प्राध्यापिकेने अमेरिकेत ॲरिझोनाला बसून महानुभावांवर काम केलं. जागा मोजक्या आहेत, खोटं कशाला बोलू, नुसत्या मराठीवर तिकडे नोकरी मिळणं अवघड, जोडीला इतिहास किंवा धर्माभ्यास लागतो. पण अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा वर्ग पुण्यातच चालतो, तिकडची मुलं इथे येऊन शिकतात. परक्या माणसाला मराठी शिकवणं हे वेगळंच कसब आहे, 'मला भूक लागली' मध्ये भूक कोणाला लागली आणि क्रियापद स्त्रीलिंगी का, हे एखाद्या ओहायोच्या मुलाला पाच मिनिटांत समजावून दाखवा. जमलं तर पुढचं पत्र लिहा, मी कोणाला भेटायचं ते सांगते.