सात अर्जांनी मुदत थांबत नाही

प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेचा कचरा डेपो शेतातल्या विहिरीपासून दीडशे मीटरवर. पावसाळ्यात पाणी काळपट होतं, वास मारतं. 2023 पासून सात अर्ज दिले, उत्तर नाही. तालुका न्यायालयात मनाईचा दावा लावू का? भरपाई मिळेल का?

डेपो घातक कसा, यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत. ते सगळं मान्य. पण तुमचं प्रकरण ठरणार आहे ते एका तारखेवर आणि नेमकी तीच तुम्ही लिहिली नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 चं कलम 14, म्हणजे पर्यावरणाच्या वादावर निकाल मागणं: वादाचं कारण ‘प्रथम’ घडलं त्या दिवसापासून सहा महिने. कलम 15, म्हणजे भरपाई आणि पूर्ववत करून घेणं: पाच वर्षं. दोन्हीकडे पुरेसं कारण दाखवलं तर वर जास्तीत जास्त साठ दिवस. अर्ज देत राहिल्याने ही मुदत थांबत नाही. सात पोचपावत्या जपून ठेवल्यात हे चांगलं, पण त्या पुरावा आहेत, मुदतवाढ नव्हेत. कलम 14 चे सहा महिने केव्हाच उलटून गेलेत. दर पावसाळ्याला नवं कारण घडतं, असा युक्तिवाद करता येतो आणि काही प्रकरणांत तो चाललाही आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

राहिलं कलम 15. तुमच्या 11 जुलै 2023 च्या पहिल्या अर्जात वाक्य आहे, ‘गेल्या पावसाळ्यापासून पाणी वापरण्याजोगे नाही.’ समोरचा वकील सगळ्यात आधी हेच वाचून दाखवेल. म्हणजे मोजणी जून 2022 पासून. पाच वर्षं जून 2027 मध्ये भरली असं धरा. साठ दिवस हिशेबात घेऊच नका.

तालुका न्यायालयाचा नाद सोडा. हरित न्यायाधिकरणाच्या (हरित लवादाच्या) कक्षेतल्या वादात दिवाणी न्यायालयाला कलम 29 आडवं येतं, आणि तिथे दोन वर्षं तारखा घेऊन हे कळण्यापेक्षा आधीच न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठ गाठा. भरपाईच्या अर्जाला मागितलेल्या रकमेच्या 1 टक्का शुल्क आहे, तेव्हा आकडा डोळे मिटून फुगवू नका. पीक, जनावरं, औषधोपचार असं नुकसान वेगवेगळं दाखवा. पर्यावरणाच्या हानीपोटी ठरणारी रक्कम तुमच्या खिशात येत नाही.

कलम 17 खाली चूक सिद्ध न करता जबाबदारी ठरते ती अपघाताच्या बाबतीत, आणि पाणी डेपोमुळेच बिघडलं हे तर दाखवावंच लागतं. तुम्ही जोडलेला अहवाल एकाच विहिरीचा आणि त्यात फक्त नायट्रेट. नायट्रेट तुमच्या गोठ्यातूनही येतं. दोन नमुने हवेत: डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीचा आणि तुमचा, एकाच दिवशी, पंचांसमोर, सीलबंद. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून क्लोराइड, अमोनिया, सीओडी (पाण्यातली घाण मोजणारा आकडा), टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि जड धातू तपासून घ्या. धातूंसाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली लागते, ती प्रयोगशाळाच देते. नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांत पोचवा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

तुमच्या तक्रारीच्या काळाला लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांत भराव-भूमी (कचरा पुरण्याची जागा) वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर दूर हवी, तळाशी 90 सेंटीमीटर चिकणमातीवर दीड मिलिमीटरचा एचडीपीई (दाट प्लास्टिकचा) पडदा हवा, म्हणजे काळं पाणी खाली झिरपत नाही. शेतविहिरीला ‘पाणीपुरवठ्याची’ म्हणतील की नाही, यावर वाद होईल; घर त्याच पाण्यावर चालतं हे दाखवा. विहीर आधीची की डेपो? जुन्या सातबाऱ्यावर जलसिंचनाच्या साधनात विहिरीची नोंद कोणत्या साली दिसते ते पाहा. डेपोनंतर खोदली असेल तर बाजू बरीच लंगडी पडते.

तुम्ही लिहिलेल्या मुलीच्या त्वचाविकारावर आत्ता बोलत नाही. डॉक्टरांनी कारण लिहून दिलेला कागद नाही.

उद्याच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क 10 रुपये: डेपोची परवानगी, तिच्या अटी आणि भूजल तपासणीचे अहवाल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. आठवा अर्ज नगरपरिषदेला लिहू नका.