काप्रिझोव्ह पुढची आठ वर्षं इथे आहे म्हणून आपण दहा वर्षांचं लीज करायचं का?

तुमची मेल वाचली. तुम्ही 46, आयटीत, राहायला वुडबरीला, मुलगी दोन वर्षांत कॉलेजला. दोन मित्र सेंट पॉलला अरेनाजवळ स्पोर्ट्स बार काढतायत आणि तुम्ही तिसरे पार्टनर व्हावं म्हणतायत. तुमचे 90 हजार डॉलर, त्यातले 60 हजार घरावरच्या हेलॉकमधून (घर तारण ठेवून काढायचं कर्ज). जागामालक दहा वर्षांच्या लीजला महिना 9 हजार मागतोय, पाचच वर्षं हवी असतील तर 10 हजार, आणि तिघांची पर्सनल गॅरंटी, म्हणजे बारने भाडं थकवलं तर ते तुमच्या खिशातून. मित्रांचं म्हणणं असं की वाइल्डने, म्हणजे मिनेसोटाच्या आइस हॉकी टीमने, आपल्या स्टार काप्रिझोव्हला 2034 पर्यंत बांधून घेतलंय, आता गर्दीची चिंताच नको.

बार चालणार नाही असं मी म्हणत नाही. मॅचच्या दिवशी वेस्ट सेव्हन्थवर पार्किंगसाठी तीन चकरा मी पण मारल्यात. पण मित्रांनी जे कारण दिलंय ना, तेच मला सगळ्यात कच्चं वाटतं, आणि मिनेसोटाच्या माणसाने तरी ते द्यायला नको होतं.

4 जुलै 2012 आठवतो का? वाइल्डचे झॅक पारिसे आणि रायन सुटर, दोघांना एकाच दिवशी प्रत्येकी 13 वर्षांचे 98 मिलियन डॉलर. पगाराची आखणी बघा, सुरुवातीला वर्षाला 12 मिलियन आणि शेवटची दोन वर्षं फक्त 1-1 मिलियन. ती शेवटची वर्षं खेळण्यासाठी नव्हतीच हो, 98 ला 13 ने भागलं की सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा) वर्षाचा आकडा साडेसातवर येतो, तेवढ्यासाठी कॉन्ट्रॅक्टला शेपूट लावलेलं. दोघांचीही चाळिशी येईपर्यंत. 2021 मध्ये दोघं छत्तिशीत असताना टीमने बायआउट केलं, म्हणजे पैसे देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडलं, आणि मग 2023-24 आणि 2024-25 अशी दोन वर्षं दर वर्षी जवळपास पावणेपंधरा मिलियन कॅप अशा दोघांच्या नावावर अडकून पडली जे टीममध्येच नव्हते. पहिल्या वर्षी अख्खी कॅप होती साडेत्र्याऐंशी मिलियन. आणि ते दोघं असताना वाइल्ड प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही गेली नाही.

यात कोणी मूर्ख होतं असं नाही, सिस्टिमच तशी आहे. खेळाडूला हव्या त्या टीमकडे जायची पूर्ण मोकळीक मिळते साधारण 27 व्या वर्षी, आणि फॉरवर्डचा गोल मारायचा बहर तिशीच्या आतच ओसरायला लागतो, म्हणजे सगळ्यात मोठा चेक मिळतो तो उतरणीला लागताना. कॅल्गरीच्या टीमने 2022 मध्ये फॉरवर्ड ह्युबर्डोला आठ वर्षांचे 84 मिलियन दिले, आदल्या सीझनला पठ्ठ्याचे 115 पॉइंट (गोल अधिक गोलला केलेली मदत) होते, कॅल्गरीत पहिल्या वर्षी 55. आणि नवीन कॉन्ट्रॅक्ट तेव्हा सुरूसुद्धा झालं नव्हतं!

काप्रिझोव्ह आज भारीच आहे, वाद नाही. पण 136 मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट सुरू होतं तेव्हा तो 29 चा आणि संपतं तेव्हा 37 चा, आणि 2024-25 ला दुखापतीमुळे 82 पैकी 41 च मॅच खेळला. कॉन्ट्रॅक्ट गॅरंटीड आहे, त्यामुळे तो बसला तरी त्याचा पगार चालू. तुमच्या बारचं तसं नाही. अजून एक, लीग आणि खेळाडूंचा नवा करार 2030 पर्यंतचाच आहे, म्हणजे तुमच्या लीजच्या मधोमध संपतो. पारिसे-सुटर आल्या आल्या पहिल्याच सीझनला लॉकआउट झाला होता (करार जुळेना म्हणून मालकांनी लीगच बंद ठेवली), मॅच सुरू झाल्या थेट जानेवारीत. तीन महिने भाडं भरून रिकाम्या टेबलांकडे बघत बसायची तयारी आहे का?

आता तुमचं लीज बघा, अगदी तेच शेपूट. दहा वर्षं घेतली म्हणून महिन्याला हजार कमी. पाच वर्षांचं केलं तर 60 हजार जास्त जातील, तिघांत वाटले तर तुमचे 20. त्या बदल्यात मागची पाच वर्षं, म्हणजे 5 लाख 40 हजारांचं भाडं, डोक्यावरून उतरतं. आणि गॅरंटी "जॉइंट अँड सेव्हरल" असेल (बहुतेक असतेच) तर दोन मित्र गळाले की ते सगळं एकट्या तुमच्यावर, कारण पगार आणि घर तुमचंच दिसतंय. वाइल्डकडे निदान बायआउट तरी होतं. तुमच्या लीजमध्ये आहे का?

त्यामुळे आहे तसं सही करू नका. पाच वर्षं आणि पुढे पाचचा ऑप्शन, तो वापरायचा की नाही हे तुम्ही ठरवणार, असं मागा. गॅरंटी सहा महिन्यांच्या भाड्यापुरती करून मागा, आणि जागा दुसऱ्याला द्यायची परवानगी लेखी घ्या. हेलॉकला हात लावू नका, त्याचा रेट फिरता असतो आणि कॉलेजची फी त्याच वेळेला येणार. स्वतःचे 30 हजार आहेत तेवढेच घाला, हिस्सा कमी घ्या. मित्र रागावतील, रागावू दे, आणि वहिनींना गॅरंटीचं पान सहीच्या आधी दाखवा, नंतर नाही.

बारचा हिशोब मांडताना पण मॅचचे दिवस चाळीस-बेचाळीसच धरा, प्लेऑफ शून्य धरा. उरलेल्या सव्वातीनशे दिवसांत दुपारी जेवायला कोण येणार याचा आकडा मित्रांकडून घ्या आणि लीजच्या पीडीएफसोबत मला पाठवा.