मार्च सरत आला, आता बर्फावर जाऊन काही भेटते का?

प्रश्न : भाऊ, मी दारव्हा तालुक्यातला. हरभरा, गहू घरात आला की मार्चच्या शेवटी आठ-दहा दिवस मोकळे भेटतात. मले स्किईंग शिकाची लय इच्छा आहे, पण जानेवारीत वावर सोडून जाता येत नाई. दोस्त म्हन्ते तवरिक बरफ वितळून जाते, पैसे पाण्यात जातीन. जाऊ का नको?

उत्तर : भाऊ, जा. दोस्त म्हणतो ते अर्धं खरं, बर्फ वितळतो, पण वितळायला लागला म्हणजे संपला असं नाही, आणि नवशिक्यासाठी मार्चचा शेवट मला तर जानेवारीपेक्षा बरा वाटतो, कारण तिथल्या कडक हिवाळ्यात आपल्या इकडच्या माणसाची बोटंच आखडून जातात, तो वळायला काय शिकणार. मी काश्मीरमधल्या गुलमर्गला दोनदा गेलो, दोन्ही वेळा मार्चच्या शेवटच्याच आठवड्यात.

फक्त हे ध्यानात ठेवा की या दिवसांतला बर्फ सकाळी एक असतो अन् दुपारी दुसरा. दिवसा उन्हानं वरचा थर पाणी सोडतो, आणि रात्री आभाळ मोकळं असलं की तेच पाणी गोठतं. आपल्याकडे नाही का, आभाळ निरभ्र असलं की रात्री थंडी जास्त आणि ढग आले की उबारा, तिथंही तेच. म्हणून सकाळी नऊला उतार काचेसारखा कडक असतो, स्की, म्हणजे बुटाखाली लावायची लांब पट्टी, टेकवली की कढईचं बूड उलथन्यानं खरवडावं तसा आवाज येतो आणि स्कीची कडा पकड घेतच नाही. मी पहिल्या दिवशी उत्साहात लवकर उतरलो आणि माकडहाडावर असा आपटलो की दुपारपर्यंत धड बसता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यानं चहा पाजून दहा-साडेदहापर्यंत थांबवून ठेवलं, मग म्हणे आता हात लावून बघा. वाकून मूठभर उचलला तर अगदी ज्वारीच्या कण्या! ओलसर, गोल, सुटे दाणे, बोटांतून घरंगळत होते. त्याच्यावर स्की जरा दाबली की आपसूक वळते, पडलं तरी लागत नाही. हे जे दोन-अडीच तास असतात ना, त्याच्यासाठी जाणती लोकं मुद्दाम वसंतात येतात. पूर्वेकडच्या उतारावर ऊन आधी येतं म्हणून तो आधी मऊ होतो, मग दक्षिणेकडचा, पश्चिमेकडचा दुपारून, आणि उत्तरेकडचा कित्येकदा दिवसभर कडकच राहतो, तेव्हा उन्हाच्या मागं मागं सरकत जायचं.

एक-दीडनंतर मात्र थांबा. तेव्हा बर्फाचा गारा होतो, पावसात काळ्या वावरात चप्पल रुतते तशी स्की रुतते, अंग पुढं जातं अन् पाय मागं राहतो, गुडघे यातच जातात. दुपारी उभ्या उतारांवरून ओला बर्फ घसरून येण्याचाही धोका वाढतो. आणि रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ नीट गोठलेलाच नसतो, त्या दिवशी सकाळपासूनच जपून.

गुलमर्ग आहे साधारण २,६५० मीटरवर. तिथलं खालचं मैदान, जिथं नवशिके शिकतात, ते मार्चअखेर जागोजागी उघडं पडतं, पिवळं गवत, चिखल, मधूनच वाहतं पाणी. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खाली बर्फ किती आहे ते विचाराच. खाली नसला तर गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदोरीला, तीन हजार मीटरच्या वर नेतो, तिथं बर्फ जास्त टिकतो. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साडेतीन हजारांच्याही बराच वर जातो, तिथून स्कीवर उतरायचं मात्र तुम्ही या वर्षी मनातही आणू नका, तो नवशिक्याचा उतार नाही.

बूट भाड्यानं घेताना घाई करू नका. मला एका दुकानात एक नंबर मोठा बूट दिला, म्हणे मोजे जाड घाला, संध्याकाळी दोन्ही टाचा सोललेल्या. बूट घट्टच पाहिजे, टाच उचलली नाही पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या ग्रुपसोबत चालली आहे. कपडे काय देऊ? एप्रिल लागेल, स्वेटर पुरेल ना? (एक आई, आर्वी)

उत्तर : ताई, स्वेटर द्या, पण अंगाला लागून सुती बनियन नको. आपण कापूस पिकवणारी माणसं, पण तिथं कापूस घामानं अन् बर्फानं भिजला की वाळत नाही आणि ऊन गेलं की थंडी हाडात शिरते. आत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. हातमोजे दोन जोड द्या, एक दुपारपर्यंत ओला होतोच.

आणि थंडीपेक्षा उन्हाची काळजी जास्त घ्या. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. माझी तर हनुवटीखालची अन् नाकाच्या खालची कातडी निघाली होती, टोपी असून. सनस्क्रीन तिथं पण लावायला सांगा, दर दोन तासांनी. गॉगल चांगला यूव्हीवाला घेऊन द्या, जत्रेतला नको, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उघडवत नाहीत.

प्रश्न : वय ६१, बीपीची गोळी चालू आहे. मला शिकायचं नाही, बर्फ फक्त डोळ्यांनी पाहायचा आहे. (धारणी)

उत्तर : काका, आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर पहिला टप्पा पुरे, कोंगदोरीला भरपूर बर्फ बघायला मिळतो, दुसऱ्याच्या मागं लागू नका, तिथं हवा विरळ आहे अन् चार पावलांत दम लागतो. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा, जोराचा वारा सुटला की वरचा टप्पा बंद करतात. आणि पोरांना सांगून पोस्टपेड सिम घ्या, आपल्याकडचं प्रीपेड तिकडं चालत नाही, घरचे उगाच घोर लावून बसतील.